रेडिओलॉजीतच राहायचे आहे, पण रुग्णही भेटायला हवेत

पत्र : “मी सोलापुरात एमडी रेडिओडायग्नोसिसच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीटी-एमआरआयचे रिपोर्टिंग मला जमते, परंतु दिवसभर पडद्यासमोर बसल्यावर संध्याकाळी एकाही रुग्णाचा चेहरा आठवत नाही, याची रुखरुख लागून राहते. ज्या दिवशी बायोप्सी करायला किंवा पिगटेल (पू-पाणी बाहेर काढणारी नळी) टाकायला मिळते, त्या दिवशी काम केल्यासारखे वाटते. मित्रमंडळी म्हणतात, मग इंटरव्हेन्शनलमध्ये (प्रतिमा पाहत सुई-कॅथेटरने उपचार करणाऱ्या शाखेत) डीएम, म्हणजे एमडीनंतरची पदवी, कर. पण वॉर्ड सांभाळण्याची आणि रात्री-अपरात्री धावण्याची माझी तयारी नाही. पती इथेच फिजिशियन आहेत, त्यामुळे सोलापूर सोडायचे नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत मूल व्हावे, असाही विचार आहे. थोडा रुग्णसंपर्क आणि थोड्या प्रोसिजर्स असलेली कोणती उपशाखा निवडावी?” – एक निवासी डॉक्टर, सोलापूर

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार. उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. पत्रात लिहिलेली तुमची परिस्थिती आणि इच्छा जशीच्या तशी गृहीत धरली, तर तुम्ही ब्रेस्ट इमेजिंग, म्हणजे स्तनांची प्रतिमा-तपासणी, हा मुख्य विषय निवडावा, त्याला सोनोग्राफीखाली करायच्या सांधे-स्नायूंच्या प्रोसिजर्सची जोड द्यावी आणि डीएमच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. हे मत कोणत्या कारणांनी बदलेल, तेही पुढे सांगेन.

निवासी डॉक्टर उपशाखांची तुलना करताना साधारणपणे कोणत्या शाखेत किती प्रोसिजर्स आहेत, हे मोजत बसतात. मला तो हिशेब दुय्यम वाटतो. प्रोसिजर संपल्यावर रुग्ण कोणाचा, हा खरा प्रश्न आहे. मूत्रपिंडात पू साचून तापाने फणफणलेल्या रुग्णाला तुम्ही सोनोग्राफीखाली पीसीएन (त्वचेतून मूत्रपिंडात नळी टाकणे) केलीत, गढूळ लघवी नळीतून उतरू लागली आणि दुसऱ्या दिवशी ताप खाली आला; इथपर्यंतचे समाधान तुम्ही अनुभवलेच आहे. पण पंधरा दिवसांनी कूस बदलताना ती नळी चिकटपट्टीसकट निसटते, बॅग कोरडी पडते आणि अक्कलकोटहून रुग्णाचा मुलगा रात्री साडेदहाला फोन करतो. तो फोन युरोलॉजिस्टकडे जावा, असे तुम्हाला मनापासून वाटते, की तो आपल्यालाच यावा असे वाटते? ज्याला तो फोन आपलाच वाटतो, त्याने इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत अवश्य जावे. तुमच्या पत्रावरून तुम्ही तो फोन युरोलॉजिस्टकडे जावा असे वाटणाऱ्यांतल्या दिसता, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही.

हा मुद्दा या शाखेच्या जन्मापासूनचा आहे. चार्ल्स डॉटर या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने १६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलंड येथे एका ८२ वर्षांच्या महिलेच्या पायाची आकसलेली धमनी कॅथेटरने रुंद केली; पाय कापण्याचा सल्ला तिला मिळाला होता आणि ती त्याला तयार नव्हती. याच डॉटरने १९६८ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना बजावले, की अशा उपचारांबरोबर येणारी रुग्णाची जबाबदारी तुम्ही अंगावर घेतली नाहीत, तर तुम्ही महागडे प्लंबर ठराल आणि हे क्षेत्रही तुमच्या हातून जाईल. पुढे १९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिगने हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून अँजिओप्लास्टी केली आणि ते सगळे काम हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले, कारण रुग्ण त्यांच्याच ओपीडीत बसलेला होता. म्हणूनच वॉर्ड नको असताना इंटरव्हेन्शनल हवे म्हणणे मला परवडणारे वाटत नाही. त्या शाखेला अर्ध्या मनाने काम करणारे लोक नकोच आहेत.

आता रुग्णसंपर्काविषयी. परदेशी लेखांतून रेडिओलॉजिस्टचे जे अंधाऱ्या खोलीतले चित्र उभे राहते, ते आपल्याकडे पुरते लागू पडत नाही. तिकडच्या अनेक देशांत सोनोग्राफी तंत्रज्ञ करतात आणि डॉक्टर नंतर चित्रे पाहतात. आपल्याकडे प्रोब डॉक्टरच्याच हातात असतो. पोटावर जेल लावून रुग्णाला कुशीवर वळायला सांगताना जो दोन मिनिटांचा संवाद होतो, त्यात अनेकदा निम्मे निदान होऊन जाते. सोलापुरात तर हा संवाद मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी हिंदी अशा चार भाषांत चालतो. कर्नाटकातल्या इंडीहून आलेल्या आजीला श्वास रोखून धरायला तिच्या बोलीत सांगता आले, तर यकृताचा वरचा भाग नीट दिसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा रुग्णाच्या जवळ राहण्यासाठी शाखा बदलण्याचीच गरज आहे असे नाही. सोनोग्राफी कनिष्ठांवर सोपवून सीटी-एमआरआयच्या रिपोर्टिंगमध्ये शिरण्याची जी वाट तुमच्यापुढे आपोआप येईल, ती टाळली तरी बरेच साधेल.

ब्रेस्ट इमेजिंगची शिफारस मी का करतो, ते सविस्तर सांगतो. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. आपल्याकडे तुलनेने तरुण वयातल्या स्त्रियाही गाठ घेऊन येतात, त्यांचे स्तन दाट असतात आणि दाट ऊतींमध्ये मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) नजर अधू होते. म्हणून सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरच्या हाताला इथे फार मोल आहे. या शाखेत तपासणारा, सुई घालणारा आणि बहुतेक वेळा पहिली बातमी सांगणारा डॉक्टर एकच असतो. रुग्णाशी नाते जुळते, पण ती तुमच्या वॉर्डात दाखल नसते. काम दिवसा होते. मध्यरात्री बोलावणे येण्याचे प्रसंग विरळा.

प्रोसिजर म्हणून कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढणे) वरवर सोपी दिसते, परंतु तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. चौदा गेजची सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवून गाठीपर्यंत न्यायची, म्हणजे फुप्फुसाला धोका राहत नाही. सुई झटक्यात पुढे नेणारी बायोप्सी गन सुटताना खटका वाजतो आणि न सांगता वाजला तर रुग्ण दचकते, म्हणून आधी हवेतच एकदा खटका ऐकवावा. फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकलेला तुकडा पांढरट असून तळाला गेला, तर मनाला जरा धीर येतो. पिवळा तुकडा वर तरंगत राहिला, तर आपण बहुधा चरबीच काढली, असे समजून पुन्हा सुई घालावी. याशिवाय कॅल्शियमच्या बारीक कणांसाठी स्टिरिओटॅक्टिक (मॅमोग्राफीवर जागा ठरवून केलेली) बायोप्सी असते आणि त्यात काढलेल्या तुकड्यांचाच एक्स-रे घेऊन कण आले की नाही, ते तिथल्या तिथे पाहावे लागते. केमोथेरपीने गाठ पूर्ण विरघळली तरी शल्यविशारदाला मूळ जागा सापडावी, म्हणून केमो सुरू होण्यापूर्वी गाठीत खुणेची क्लिप सोडायची असते. हाताला न लागणाऱ्या गाठींसाठी शस्त्रक्रियेच्या सकाळी तारही टाकावी लागते.

मात्र या शाखेची खरी कसोटी सुई काढल्यानंतर लागते. तुम्ही बायरॅड्स पाच (कर्करोगाची दाट शंका) असा शेरा दिलेली, कडा काटेरी असलेली गाठ आहे आणि पॅथॉलॉजीचा अहवाल साधा फायब्रोएडिनोमा (कर्करोग नसलेली गाठ) असा आला, तर तो अहवाल फाइलला लावून मोकळे होता येत नाही. प्रतिमा आणि पेशी यांचा मेळ बसत नसेल, तर पॅथॉलॉजिस्टशी बोलणे, स्लाइड पुन्हा पाहायला सांगणे आणि रुग्णाला परत बोलावून दुसरी बायोप्सी करणे, ही तुमची जबाबदारी आहे. “एकदा सुई टोचली, काही निघाले नाही, आता पुन्हा कशाला?” असे विचारणाऱ्या नवऱ्याला आणि सासूला समजावणे हेही तुमचेच काम. तुम्ही जो रुग्णसंपर्क मागत आहात, तो मला याच टप्प्यावर सर्वांत सकस वाटतो. शिवाय लाजेपोटी महिनोन्‌महिने गाठ लपवणारी स्त्री महिला डॉक्टरकडे तपासायला अधिक मोकळेपणाने येते, हे आपल्या भागातले वास्तव आहे. त्याचा उपयोग होत असेल तर का करून घेऊ नये?

या शाखेच्या उणिवाही आहेत. कामात तोचतोचपणा येतो. कर्करोग नजरेतून सुटल्याचा आरोप होण्याची धास्ती इतर शाखांपेक्षा इथे जास्त असते. केवळ ब्रेस्ट इमेजिंगवर सोलापुरात पहिली काही वर्षे तुमचा पूर्ण दिवस भरणार नाही. सर्वसाधारण सोनोग्राफी आणि रिपोर्टिंग सोबत ठेवावेच लागेल.

म्हणूनच सांधे-स्नायूंच्या कामाची जोड सुचवतो. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते, आणि आपल्या शहरात मधुमेह किती आहे ते तुमच्या पतींना विचारा. सोनोग्राफीखाली खांद्याच्या सांध्यात मागच्या बाजूने सुई घालून सलाइन, भूल आणि स्टिरॉइड यांच्या मिश्रणाने आवरण ताणणे, ज्याला हायड्रोडायलेटेशन म्हणतात, ही बाह्यरुग्ण विभागात होणारी प्रोसिजर आहे. स्टिरॉइडनंतर काही दिवस साखर वाढते, हे रुग्णाला आधी सांगावे आणि त्याच्या फिजिशियनलाही कळवावे. विड्या वळणाऱ्या बायकांची आखडलेली मनगटे आणि यंत्रमागावर उभे राहणाऱ्या कामगारांचे गुडघे-टाचा तुम्ही सिव्हिलच्या ओपीडीत पाहिल्याच असतील. इथे अडचण एवढीच, की अस्थिरोगतज्ज्ञ स्वतःच इंजेक्शन देतात आणि आता अनेकांकडे स्वतःचे यंत्रही असते. त्यांनी रुग्ण तुमच्याकडे का पाठवावा, याचे उत्तर तुमच्या रिपोर्टमध्ये दिसले पाहिजे. खांद्याची स्नायुबंधने नेमकी कुठे आणि किती फाटली आहेत, हे ठामपणे लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे इंजेक्शनचे कामही येते. “वयोमानानुसार बदल” एवढेच लिहिणाऱ्याकडे येत नाही.

आणखी एक काम आपल्या गावाला साजेसे आहे. तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्यांत पायाच्या फुगलेल्या शिरांचा त्रास सर्रास दिसतो. सोनोग्राफीखाली लेसरने ती शीर बंद करता येते. जागेवरची भूल पुरते, रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो आणि क्ष-किरणांची गरज लागत नाही. हे शिकण्यासाठी पूर्ण डीएम करावे लागत नाही, परंतु डॉप्लरचा (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा) पाया पक्का हवा आणि खोल शिरांत गुठळी झाल्यास काय करायचे, याची तयारी हवी.

बालरोग रेडिओलॉजीचा विचार मनात येत असेल, तर तिथे संपर्क भरपूर आहे, आणि आतड्यात आतडे शिरलेल्या बाळाला सोनोग्राफीखाली सलाइनच्या दाबाने मोकळे करण्याइतके तत्काळ फळ देणारे काम दुसरे क्वचितच सापडेल. पण केवळ त्यावर चालणारे पद मोठ्या बालरुग्णालयांतच मिळते. फीटल मेडिसिनमध्ये (गर्भाच्या तपासणी-उपचारांच्या शाखेत) अम्निओसेंटेसिससारख्या, म्हणजे सुईने गर्भजल काढण्यासारख्या, प्रोसिजर्स आहेत. तथापि गर्भात व्यंग सापडल्यानंतरचे समुपदेशन, २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या गर्भपात कायद्यातील २४ आठवड्यांची मर्यादा आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळ, हे सगळे मनावर घेण्याची तयारी असेल, तरच त्या दिशेने जावे.

इंटरव्हेन्शनलविषयीचे माझे मत कशाने बदलेल, ते आता सांगतो. क्षयरोगाने पोखरलेल्या फुप्फुसातून रक्ताच्या गुळण्या येणारा रुग्ण, प्रसूतीनंतर रक्तस्राव न थांबणारी स्त्री, डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी जोडलेली धमनी-शीर) बंद पडलेला मूत्रपिंडाचा रुग्ण, असे रुग्ण पाहून तुमची झोप उडण्याऐवजी हात शिवशिवत असतील, तर माझा सल्ला बाजूला ठेवा आणि डीएमच्या प्रवेशपरीक्षांच्या अभ्यासाला लागा. ब्राँकियल धमनी बंद करण्यापूर्वी तिच्यातून मज्जारज्जूला जाणारी केसासारखी शाखा निघते का, हे डीएसएवर (रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणावर) शोधणे, आणि ती दिसल्यावर मोहाला बळी न पडता थांबणे, हे वेगळ्याच धाटणीचे काम आहे. डीएमला तीन वर्षे लागतात. मुंबईचे टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स, मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी त्रिवेंद्रमचे श्री चित्रा आणि बंगळूरचे निमहान्स ही नावे तुम्हाला ठाऊक आहेतच. मेंदूचे काम तर आणखी कडक आहे. २०१५ च्या चाचण्यांनंतर पक्षाघातात गुठळी काढण्याचे उपचार रूढ झाले, आणि निवडक रुग्णांत त्यांची मुदत आता २४ तासांपर्यंत गेली असली तरी प्रत्येक मिनिटाला मेंदूचा भाग मरतच असतो. हे काम करणाऱ्याला आपली रात्र रुग्णालयाच्या नावे लिहून द्यावी लागते. त्यातून सोलापूरसारख्या शहरात कॅथलॅब बहुधा हृदयरोग विभागाच्या वेळापत्रकावर चालते, प्रशिक्षित परिचारिका आणि तंत्रज्ञ जमवावे लागतात आणि कॉइल-स्टेंटचा खर्च रुग्णाला कुठून मिळेल, याचीही खटपट करावी लागते. शून्यातून विभाग उभा करण्याची हौस असलेल्या माणसाला इथे मोठे मैदान आहे. तुमच्या पत्रात ती हौस मला दिसली नाही.

मधला मार्गही आहे. उदराच्या इमेजिंगवर भर देऊन बायोप्सी, ड्रेन आणि पीसीएन करत राहणारे रेडिओलॉजिस्ट आपल्या जिल्ह्याला हवेच आहेत, आणि त्यासाठी चांगल्या ठिकाणची सीनियर रेसिडेन्सी पुरते. कावीळ झालेल्या रुग्णाच्या पित्तनलिकेत नळी टाकण्याचे काम मात्र एकट्याने अंगावर घेऊ नये. यकृतातून रक्तस्राव झाला तर धमनी बंद करणारा माणूस त्याच इमारतीत किंवा फार तर अर्ध्या तासावर असेल, तेव्हाच हात घालावा.

किरणोत्साराविषयी तुम्ही थेट विचारलेले नाही, पण मुलाचा विचार लिहिला आहे म्हणून सांगतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० अशी आहे. गर्भधारणा कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये. टीएलडी बॅज (किरणोत्सार मोजणारा बिल्ला) ॲप्रनच्या आत छातीवर नियमित लावला आणि नियम पाळले, तर गरोदरपणातही फ्लुरोस्कोपीचे (क्ष-किरणांच्या चालत्या चित्राखालचे) काम करणाऱ्या डॉक्टर आहेत, त्यामुळे केवळ या भीतीने इंटरव्हेन्शनल नाकारू नये. तरीही शिशाच्या ॲप्रनचे ओझे आठव्या महिन्यात कंबरेला पेलत नाही, हे खरेच. मी सुचवलेल्या दोन्ही विषयांतले बहुतेक काम सोनोग्राफीखाली होते आणि तिथे हा प्रश्नच येत नाही. मॅमोग्राफीत तुम्ही काचेच्या आडोशाला असता.

सोलापुरात राहायचे म्हणता, तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याचा विचार आजच करा. १९९४ चा हा कायदा यंत्राकडे पाहतो, तुमच्या हेतूकडे नाही. केवळ खांदे आणि स्तन पाहण्यासाठी घेतलेल्या सोनोग्राफी यंत्राचीही नोंदणी करावीच लागते. सकाळी एका अस्थिरोगतज्ज्ञाकडे आणि दुपारी दुसऱ्याकडे पोर्टेबल यंत्र पिशवीत घालून जायची कल्पना अनेकांना सुचते. ती कायद्यात बसत नाही. २०१२ च्या नियमांनुसार एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर काम करता येते. तेव्हा ती दोन ठिकाणे कोणती, याचा निर्णय भाड्यापेक्षा कामाकडे पाहून घ्यावा. माझ्या मते त्यांपैकी एक ठिकाण असे हवे, जिथे कर्करोगाचे शल्यविशारद आणि पॅथॉलॉजिस्ट एकाच छताखाली बसतात.

प्रशिक्षणाविषयी एवढेच, की ब्रेस्ट आणि सांधे-स्नायू यांच्या फेलोशिप साधारण वर्षभराच्या किंवा त्याहून कमी मुदतीच्या असतात, आणि त्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचे अंतर असते. काही ठिकाणी प्रमाणपत्र देखणे मिळते, पण सुई शेवटपर्यंत वरिष्ठांच्याच हातात राहते. अर्ज भरण्यापूर्वी मागच्या वर्षीच्या फेलोला फोन करून स्वतःच्या हाताने किती बायोप्सी केल्या, स्टिरिओटॅक्टिक यंत्र चालू स्थितीत होते का आणि पॅथॉलॉजीबरोबर आठवड्याची बैठक खरोखर होत होती का, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर ती जागा सोडा. पुण्यात ठीक फेलोशिप मिळाली, तर घरी येणे-जाणे सोयीचे होईल, पण सोयीसाठी दर्जावर पाणी सोडू नका. एक वर्ष मुंबईत काढावे लागले तरी काढा.

परीक्षेनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा येईल. त्या वर्षी शक्य झाल्यास बायोप्सीचा ओघ असलेला विभाग मागून घ्या. तोपर्यंत सिव्हिलमध्ये जे महिने उरले आहेत, त्यांत एक वही घाला. तुम्ही केलेल्या प्रत्येक बायोप्सीपुढे तुमचा आधीचा अंदाज, पॅथॉलॉजीचा निकाल आणि रुग्णाचे पुढे काय झाले, हे नाव न लिहिता नोंदवा. तिसरा रकाना भरण्यासाठी तुम्हाला वॉर्डात जावे लागेल किंवा रुग्णाला फोन करावा लागेल. ते करताना कंटाळा येतो की पाय आपोआप तिकडे वळतात, हे दोन महिन्यांत कळेल. आणि पाय वळत असतील, तर डीएमविषयी मला पुन्हा एक पत्र लिहा.

आपला,
सदरलेखक